टीएचआरचं पाकीट कुणी भरायचं? एका टेंडरामागची गोष्ट

सहा महिने ते तीन वर्षांची बाळं आणि गरोदर-स्तनदा माता यांना अंगणवाडीतून घरी न्यायचा कोरडा आहार, म्हणजे टीएचआर (टेक-होम रेशन), मिळतो. त्याला 'पूरक पोषण आहार' फक्त कागदावर म्हणतात. गावात बाया 'टीएचआर आला का?' असंच विचारतात. हे पाकीट कुणी बनवायचं यावरून महाराष्ट्रात जी ओढाताण झाली, ती पाहिली की सरकारी कामं सगळ्यांना खुली असूनही गावातल्या उद्योगापर्यंत का पोचत नाहीत, हे कळतं.

अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात, ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. पुढे अनेक राज्यांत आहाराचा पुरवठा ठेकेदारांच्या हातात गेला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काची याचिका दाखल झाली आणि तिच्यातच ७ ऑक्टोबर २००४ चा आदेश निघाला: अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, पैसा शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांमार्फत खर्च व्हावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या गरम खिचडीचं काम गटांना जमण्यासारखं होतं. पातेलं, चूल आणि दोन हात एवढं पुरतं.

पाकिटाचं तसं नव्हतं. २००९ मध्ये केंद्राने पोषणाचे निकष बदलले आणि टीएचआरमध्ये सूक्ष्म पोषकद्रव्यं मिसळणं आलं. हेतू चांगलाच होता. पण भाजणी, दळण आणि पिशवीत भरणं इतकं साधं काम आता भाजणी यंत्र, मिक्सर, पॅकिंग मशीन आणि प्रयोगशाळेच्या तपासणीवर गेलं. महिन्याला शंभर-शंभर रुपये जमवून वहीत लिहिणाऱ्या दहा-वीस बायकांच्या गटाने हे भांडवल आणायचं कुठून? ते ज्यांच्याकडे होतं, त्यांनी वाट काढली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ च्या अहवालात तेच म्हटलं: महाराष्ट्रात संस्था महिलांच्या नावाच्या, पण त्यांचा कारभार खासगी कंपन्यांशी बांधलेला. म्हणजे ठेकेदार घालवायचा आदेश पाळलाही गेला आणि ठेकेदार राहिलेही.

मग आलं २०१६ चं टेंडर. तारीख ८ मार्च, महिला दिनाची. मुहूर्त कुणी ठरवून काढला असेल असं नाही, पण विनोद झाला खरा. राज्यातल्या ५५३ बालविकास प्रकल्पांचे ७० ब्लॉक पाडले होते. ग्रामीण भागात एक प्रकल्प म्हणजे साधारण एक तालुका किंवा त्याचा तुकडा. एका ब्लॉकात सरासरी आठ. आठ तालुक्यांना दर महिन्याला माल पोचवायचा, तर गोदाम हवं, गाड्या हव्यात आणि बिलं निघेपर्यंत तग धरायला पैसा हवा. 'छोट्या गटांनी भरू नये' असं टेंडरात कुठंच लिहावं लागत नाही. ब्लॉकचा आकारच ते सांगतो.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. वैष्णोराणी महिला बचत गट विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये ते टेंडर रद्द झालं आणि नव्याने प्रक्रिया करायला सांगितलं गेलं. मूळ आदेशानंतर चौदा वर्षांनी.

दरम्यान दिल्लीत वेगळी वाट आखली जात होती. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं खरेदी धोरण २०१२ मध्ये आलं: केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला २० टक्के माल या उद्योगांकडून घ्यायचा. २०१८ च्या दुरुस्तीने ते प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांना. टेंडर फॉर्म फुकट, ईएमडी म्हणजे बयाण्याची रक्कम माफ. शिवाय एल-वनपेक्षा, म्हणजे सगळ्यांत कमी दरापेक्षा, १५ टक्क्यांपर्यंत जास्त दर भरलेल्या छोट्या उद्योगाने दर तिथपर्यंत खाली आणला, तर त्यालाही कामाचा वाटा. पण हे बंधन केंद्रापुरतं. अंगणवाडीचं टेंडर राज्य काढतं.

पैशाचं दुखणं मात्र दोन्हीकडे सारखंच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पुढच्या महिन्याची ऑर्डर ज्या साहेबांच्या सहीने येते, त्यांच्याच टेबलावर व्याजाची मागणी कोण ठेवणार? गट गप्प बसतो, आणि गहू-डाळीची उधारी वाण्याच्या वहीत वाढत जाते.