फिगर स्केटिंगचे बूट आणि पाती : प्रौढ हौशी स्केटरची निवड

बर्फावरील फिगर स्केटिंगसाठी घोट्याच्या वरपर्यंत येणारे ताठ बूट वापरतात आणि त्यांच्या तळाला पोलादी पाती स्क्रूने बसवलेली असतात. लहानपणी संधी न मिळाल्याने तिशी, चाळिशी किंवा त्यानंतर हौसेने बर्फावर उतरणाऱ्यांची संख्या थंड देशांत मोठी आहे. जर्मनीतील ओबर्स्टडॉर्फ येथे २००५ पासून प्रौढांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरते. मुलांच्या मापाने आणि स्पर्धकांच्या महत्त्वाकांक्षेने बूट निवडले, तर प्रौढ माणसाचे पाय दुखतात. पुष्कळ जण तेवढ्यावरूनच हा छंद सोडून देतात, आणि हे सहज टाळता येण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाती पट्ट्यांनी रोजच्या बुटांना बांधली जात. पाते थेट बुटाला स्क्रूने पक्के करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकन नर्तक-स्केटर जॅक्सन हेन्स (मृत्यू १८७५) याला देतात. पाते हलेनासे झाले तेव्हा उड्या आणि गिरक्या शक्य झाल्या. पात्यांसाठी इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादाचे शहर आजही प्रसिद्ध असून जॉन विल्सन हे तिथले जुने नाव आहे. बुटांमध्ये अमेरिकेतील रीडेल (मिनेसोटा राज्यातील रेड विंग येथे १९४५ पासून), कॅनडातील जॅक्सन आणि इटलीतील एडेआ व रिस्पोर्ट या कंपन्या ठळक आहेत. स्त्रियांचे बूट पांढरे असण्याची प्रथा नॉर्वेची ऑलिंपिक विजेती स्केटर सोन्या हेनी हिच्यामुळे रूढ झाली. रंगाचा आरामाशी काही संबंध नाही.

आरामदायी बूट म्हणजे मऊ किंवा ऐसपैस बूट, ही समजूत सर्वांत आधी बाजूला ठेवावी लागते. स्केटिंगच्या बुटात टाच घट्ट धरलेली हवी आणि बोटे मोकळी हवीत. टाच वर उचलली जात असेल तर पाय आत सरकतो, कातडी घासते, फोड येतात, आणि तोल सांभाळण्यासाठी बोटे नकळत आत वळून बुटाचा तळ आवळू लागतात. तळव्यात गोळे येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. म्हणून स्केटिंगचा बूट रोजच्या बुटापेक्षा बहुधा एक ते दीड नंबर लहान लागतो. तरीही नंबरावर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचा साचा निराळा असतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढावी. लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी. दोन पावले क्वचितच सारखी असतात. माप मोठ्या पावलाचे धरायचे.

बूट घालून पाहण्याचीही एक रीत आहे. पातळ मोजा घालावा. जाड लोकरी मोजा ऊब देतो, पण पकड घालवतो. पाय आत सारून टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटून मागे बसवावी आणि मगच नाडी बांधावी : बोटांवर सैल, घोट्याच्या वळणावर सर्वांत घट्ट, वरच्या हुकांवर पुन्हा थोडी सैल. सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढच्या बाजूला जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरावीत. गुडघा वाकवूनही टाच जागची हलत नसेल तर माप बरोबर आहे. हे सगळे पाच मिनिटांत उरकू नये. निदान पंधरा-वीस मिनिटे बूट पायात ठेवावेत, कारण कुठला बूट चावणार आहे हे तेवढा वेळ गेल्याशिवाय कळत नाही.

प्रौढ पावलावर आयुष्याच्या खुणा असतात. अंगठ्याच्या मुळाशी वाढलेले हाड, बाळंतपणानंतर पसरलेला चवडा, सपाट तळवा, वर्षानुवर्षांच्या भोवऱ्या, जुना मुरगळलेला घोटा. यांतले काहीही बूट बसवणाऱ्यापासून लपवू नये, कारण बहुतेकांवर उपाय आहे. विशिष्ट जागी चामडे आतून ताणून खळगा करता येतो. आजचे अनेक बूट गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतात : दुकानातील खास भट्टीत ते साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटे तापवतात आणि गरम असतानाच पायात घालून नाडी बांधतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नये. घोट्याच्या पुढच्या बाजूला नाडीच्या दाबाने स्नायूबंध दुखू लागतो, त्यावर बुटाच्या जिभेखाली जेलची पट्टी ठेवल्याने किंवा एक हूक सोडून नाडी बांधल्याने उतार पडतो. लांबीला मोठा झालेला बूट मात्र कशानेही लहान होत नाही.

‘माझे घोटेच कमकुवत आहेत’ असे नवशिके प्रौढ फार वेळा म्हणतात. दोष बहुधा घोट्यांचा नसतो. रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, भाड्याने मिळणारे बूट शेकडो पायांनी सैलावलेले असतात, त्यांत कुणाचाही घोटा आत कलतो. स्वतःच्या चांगल्या बुटातही तसे होत असेल तर पात्याची जागा तपासावी. पाते टाचेच्या मध्यापासून अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधल्या रेषेपर्यंत यावे, हा आरंभबिंदू. घोटा आत पडत असेल तर पाते किंचित आतल्या बाजूला सरकवतात. यासाठीच जाणकार कारागीर सुरुवातीला फक्त लांबट भोकांतले तात्पुरते स्क्रू लावतो, काही तास स्केटिंग करून पाहायला सांगतो आणि मगच बाकीचे पक्के करतो. दोन-तीन मिलिमीटरच्या सरकवण्याने एका पायावर सरळ तरंगता येऊ लागते. ते पहिल्यांदा अनुभवणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

ताठपणाच्या बाबतीत वजन आणि कौशल्य दोन्ही पाहावे लागतात. तीस किलोच्या मुलीला पुरणारा बूट तेच पाठ शिकणाऱ्या सत्तर किलोच्या माणसाखाली लवकर ढिला पडतो, म्हणून प्रौढाने मुलांसाठीच्या ताठपणाच्या तक्त्यापेक्षा एखादी पायरी वरचा बूट घ्यावा. त्याहून फार वर जाऊ नये. दुहेरी-तिहेरी उड्यांसाठी (हवेत दोन-तीन फेऱ्या घेण्यासाठी) बनवलेल्या बुटात हौशी स्केटरचा घोटा वाकत नाही. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, आणि ताठ गुडघ्याने बर्फावर काहीच जमत नाही.

पाते जवळून पाहिले तर ते सुरीसारखे नसते. सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या पात्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ कोरलेली असते, त्यामुळे दोन कडा तयार होतात, आतली आणि बाहेरची. फिगर स्केटिंगचे सारे तंत्र या दोन कडांवर उभे आहे. पन्हळीची गोलाई वर्तुळाच्या त्रिज्येने सांगतात. बरेच जण ७/१६ किंवा १/२ इंच त्रिज्या वापरतात. त्रिज्या जितकी लहान तितकी पन्हळ खोल आणि कडा बर्फात जास्त रुतणाऱ्या. वजनदार माणसाच्या कडा तशाही रुततात, शिवाय फार खोल पन्हळीवर पाय घसरवत थांबणे अवघड जाते, म्हणून पडण्याची धास्ती असलेल्या प्रौढाला १/२ इंच किंवा त्याहून उथळ पन्हळ जास्त सुखाची. पाते लांबीच्या दिशेनेही वक्र असते. हा वक्र सात किंवा आठ फूट त्रिज्येचा असतो. जॉन विल्सनचे ‘कॉरोनेशन एस’ सात फुटांचे, तर ‘पॅटर्न ९९’ आठ फुटांचे. सात फुटी पाते वळायला चपळ, आठ फुटी उभे राहायला स्थिर वाटते. पात्याच्या पुढच्या टोकाचे दाते उड्या आणि गिरक्यांसाठी असतात. त्यांना अडखळून पडायला होते म्हणून ते घासून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नये. वजन पावलाच्या मध्यावर आले की दाते आपोआप वाटेतून दूर होतात.

पहिल्या वर्षासाठी कारखान्यातूनच पाते बसवून आलेला चांगल्या प्रतीचा संच पुरेसा आहे. पैसे मोजकेच असतील तर ते बुटावर खर्च करावेत, पात्यावर नव्हे.

भारतात सिमल्याचे उघड्यावरचे रिंक १९२० पासून आहे, आणि डेहराडूनचे बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारले गेले. महाराष्ट्रात कलात्मक स्केटिंग मुख्यतः चाकांवर होते. मात्र त्यात पात्याऐवजी चाकांची चौकट लावलेले जवळजवळ असेच बूट वापरतात, त्यामुळे माप घेण्याचे वरील नियम पुण्या-मुंबईतील रोलर स्केटरलाही लागू पडतात. परदेशातून बूट मागवणाऱ्याने भारतीय नंबर कळवण्याऐवजी पावलाची बाह्यरेषा आणि मिलिमीटरमधील मापे पाठवावीत.

नवे पाते पुष्कळदा धार न लावलेलेच येते; पहिल्या वापरापूर्वी धार लावून घ्यावी आणि पुढे साधारण वीस तासांच्या स्केटिंगनंतर पुन्हा. हे काम फिगर पात्यांची सवय असलेल्या माणसाकडेच द्यावे, एरवी खालचा दाता घासला जाण्याचा धोका असतो. धार लावून आल्यावर दोन्ही कडांवर आडवे नाणे ठेवून पाहावे. ते कलले तर कडा समान नाहीत. बर्फावरून उतरताच पाते फडक्याने कोरडे करून कापडी खोळ घालावी. प्लास्टिकचे संरक्षक फक्त चालण्यापुरते वापरायचे, कारण ते घालून ठेवल्यास आत पाणी साचते आणि गंज चढतो. घोट्याच्या वळणावर खोल घडी पडली आणि नाडी कितीही आवळली तरी बूट बाजूला लवू लागला, की तो बदलावा.