जांभळाची गव्हाची बिअर: पहिल्या घोटाआधी हे वाचा

नमस्कार! जांभूळ-बिअर मागवणारे बरेच जण पहिला घोट घेतला की म्हणतात, "अरे, ही तर गोडच नाहीये," आणि मग आम्ही काउंटरवरून सगळं समजावत बसतो, पण शनिवारी रात्री गर्दीत ते नीट जमत नाही, म्हणून हा कागद टेबलावर ठेवलाय. बिअर येईपर्यंत वाचून होईल.

तर गोड का नाही? आम्ही जांभळाचा गर (बिया काढलेला, फ्रीज केलेला) ग्लासात मिसळत नाही. बिअर टाकीत आंबत असते, पहिला जोर ओसरत आला की तेव्हाच हा गर टाकीत जातो, आणि मग यीस्ट त्यातली साखर खाऊन टाकतं, तिचं अल्कोहोल आणि गॅस होतो. जांभळाचं मागे राहतं ते त्याचा आंबटपणा, सालीचा तुरटपणा, रंग आणि वास. म्हणजे घोटात जांभूळ पूर्ण आहे, फक्त साखर गेलेली आहे. झाडाखालचं जांभूळ खाल्लं की जीभ कशी आखडते, ते इथे शोधा, गोडवा शोधू नका.

सिरप घातलेली फ्रूट बिअर वाईटच असते असं आम्ही म्हणत नाही हं. बर्लिनमध्ये बर्लिनर वाइसं नावाची गव्हाची बिअर मिळते, ती इतकी आंबट असते की लोक त्यात रास्पबेरीचं लाल नाहीतर वुडरफ नावाच्या सुगंधी वनस्पतीचं हिरवं सिरप घालूनच पितात, तिकडची जुनी रीत आहे ती. पण आपली मूळ बिअर आंबट नसून मऊ आहे, तिच्यात सिरप पडलं तर नुसतं सरबत लागेल, आणि जांभळाचं सरबत प्यायला आमच्याकडे यायची गरज नाही ना.

आता गहू. बिअर बहुतेक वेळा बार्लीची असते, गव्हाच्या बिअरमध्ये माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) मोठा हिस्सा गव्हाचा असतो, जर्मनीत तर वाइत्सन म्हणून विकायची असेल तर निदान ५०% गव्हाचं माल्ट लागतं. गव्हात प्रोटीन जास्त, त्यामुळे फेस जाड येतो आणि टिकतो, आणि बिअर धुरकट दिसते. ही धुरकट बिअर खराब नाहीये, कृपया परत पाठवू नका! गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं त्यामुळे गाळताना सगळा लगदा बसतो आणि पाणीच उतरत नाही, म्हणून आम्ही त्यात भाताचं तूस मिसळतो, ते चवीला काही देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवतं. बरेच जण विचारतात की माळव्याचा गहू का नाही, इथे इंदुरात तर घरोघरी बाफले (आधी उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) होतात. बाफल्याचा तो कडक माळवी गहू प्रोटीनने ठासून भरलेला असतो, बिअरला मऊ गहू जास्त मानवतो.

एक प्रश्न इंदुरात हमखास येतो, शाकाहारी आहे का. हो, पूर्ण. काही ब्रुअरीज बिअर नितळ करायला माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात, आम्ही तो वापरत नाही, आणि आपली बिअर मुळातच धुरकट ठेवायची असल्यामुळे त्याची गरजही पडत नाही.

मग प्यायची कशी. आधी उजेडासमोर धरून बघा. रंग राणी कलरकडे झुकलेला दिसेल, फेसाच्या कडेला फिकट गुलाबी रेघ असते ती नक्की बघा, फार सुंदर दिसते. जांभळाचा रंग आंबट गोष्टीत लालसर होतो आणि साबण-सोड्यात निळा पडतो, कुठलीही बिअर थोडी आम्लधर्मीच असते म्हणून हा लालसरपणा टिकतो. (याच कारणाने शर्टावर सांडली तर लगेच साबण लावू नका, निळा डाग पडतो, आधी साध्या पाण्याने भरपूर धुवा.)

मग वास. ग्लास नाकाजवळ नेऊन एक लांब श्वास घेण्यापेक्षा दोन-तीन छोटे छोटे हुंगे घ्या. पहिल्यांदा बहुतेक केळं येईल, मग लवंग. केळं आणि लवंग दोन्ही आम्ही टाकलेले नाहीत! गव्हाच्या बिअरचं जे खास बव्हेरियन यीस्ट असतं ते आंबवतानाच हे वास तयार करतं, टाकी गरम ठेवली की केळं वाढतं, म्हणून आम्ही ती १८ अंशांच्या आसपास ठेवतो म्हणजे केळं मागे राहतं आणि लवंग पुढे येते, कारण जांभळाबरोबर लवंगेची गट्टी जमते हे आमचं ठाम मत आहे. बेल्जियमची विटबिअर नावाची गव्हाची बिअर प्यायला असाल तर तिच्यात धणे आणि संत्र्याची साल खरोखर घातलेली असते, ती वेगळी परंपरा, हुखार्डन गावात ती बंदच पडली होती, १९६६ मध्ये पिएर सेलिस यांनी पुन्हा सुरू केली. आपली त्या घराण्यातली नाही.

आता घोट. छोटा घ्या, जिभेवर जरा थांबवा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. हे शेवटचं कुणी करत नाही आणि खरं जांभूळ तिथेच आहे, कारण फळाची चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वासच असतो. आधी गव्हाचा मऊपणा, पावासारखा, मग हलका आंबट, मग हिरड्यांना लागणारा तुरटपणा, आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडूपणा अगदी थोडा, कारण गव्हाच्या बिअरमध्ये हॉप्स मुद्दाम कमी घालतात. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जीभ सरावते, त्यामुळे पहिल्या घोटावरून मत ठरवू नका.

बर्फ मागू नका प्लीज. बाहेर उकडत असताना इच्छा होते हे कळतं, पण फार गार झालं की वास येतच नाही, आणि वितळलेल्या बर्फाने गॅस आणि दाटपणा दोन्ही जातं. आम्ही ६ ते ८ अंशांवर देतो, पाच मिनिटं टेबलावर राहिली तर अजून छान लागते. आणि शेव खाल्लेली तेलकट बोटं ग्लासाच्या कडेला लावू नका, तेलाचा एक टिपूस फेस बसवून टाकतो, लिपस्टिकही तेच करते.

शेवेचा विषय निघालाच आहे तर, लवंग शेव मागवा. मनापासून सांगतोय. बिअरमधली लवंग आणि शेवेतली लवंग एकमेकींना धरतात आणि तिखटावर तो आंबट घोट आला की तोंड स्वच्छ होतं. भुट्ट्याचा कीस पण छान, त्यातलं दूध आणि गव्हाचा मऊपणा जुळतो. जीरावन (इंदुरी मसाल्याची पूड) घातलेल्या कशाहीबरोबर चालेल, पण थोडं जपून, त्यात आंबट आधीच असतं. जिलेबी मात्र नको, गोडानंतर ही बिअर नुसती आंबट लागते आणि दोष तिच्यावर येतो. जिलेबी नंतर सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन खा.

वास विचित्र आला तर नक्की सांगा. लोण्यासारखा, व्हिनेगरसारखा, ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा उकडलेल्या भुट्ट्यासारखा वास आला तर तो आमचा दोष आहे, पाइपलाइनचा, जुन्या केगचा (बिअरच्या पिंपाचा) किंवा बनवतानाचा, ग्लास बदलून मिळेल आणि आम्ही तो केग तपासू. तुम्हाला नुसतं "काहीतरी वेगळं लागतंय" एवढंच सांगता आलं तरी चालेल.

आता जरा गंभीर. जत्रेत आणि दुकानात फ्रूट बिअर नावाने जे कोल्ड्रिंक मिळतं, मुलंही पितात, त्याच्याशी हिची गल्लत करू नका, हिच्यात ५% अल्कोहोल आहे. ३३० मिलीच्या एका ग्लासात साडेसोळा मिली शुद्ध अल्कोहोल होतं, आणि ४२.८% व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये तेरा मिलीहून थोडं कमी, तेव्हा फळाची आहे म्हणून हलकी असं अजिबात नाही. २१ वर्षांखालच्यांना देत नाही, ओळखपत्र मागितलं तर राग मानू नका. गहू आणि बार्ली दोन्ही असल्यामुळे ग्लुटेन चालत नसलेल्यांनी ही घेऊ नये. गरोदर असाल किंवा औषधं चालू असतील तर घेऊ नका. गाडी आमच्याकडे राहू द्या, सकाळी घेऊन जा.

कधी मिळते? जांभूळ पहिल्या पावसाच्या आगेमागे येतं, त्यानंतर बिअर तयार व्हायला साधारण तीन आठवडे, म्हणजे नेमका सावन लागतो, आणि इथे शेजारच्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे अर्धी गिऱ्हाइकं आधी प्यायचं थांबवतात आणि मराठी मंडळी नंतर. म्हणून गर फ्रीज करून ठेवतो आणि गणपती झाल्यावर दुसरी बॅच लावतो. दिवाळीपर्यंत टॅपवर असते. ऑर्डर द्यायच्या आधी चाखून बघायची असेल तर छोटा ग्लास मागा, त्याचे पैसे घेत नाही.