ऑटोफोकस, विषयानुगामी

चौकटीतील हलत्या विषयावर एकदा फोकस धरल्यानंतर तो विषय चौकटीत कोठेही सरकला किंवा त्याचे अंतर बदलले, तरी फोकस त्याच्यावरच टिकवून ठेवणारी कॅमेऱ्यातील योजना. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ती ‘सब्जेक्ट ट्रॅकिंग’ किंवा नुसते ‘ट्रॅकिंग’ म्हणून रुळली आहे. आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांत ती विशेष विकसित झाली. प्रस्तुत नोंदीत तिची घडण व इतिहास यांबरोबरच खानदेशातील (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) वापराचा विचार केला आहे.

या योजनेत तीन वेगळी कामे एकत्र आलेली असतात. पहिले मापनाचे : विषय फोकसच्या पुढे आहे की मागे आणि किती, हे ठरवणे. दुसरे भाकिताचे : मोजणी झाल्यापासून शटर उघडेपर्यंतच्या अवधीत विषय कोठे पोचेल याचा अंदाज बांधून भिंग तेथे नेऊन ठेवणे. तिसरे ओळखीचे : चौकटीतील कोणता आकार हा ‘तोच’ विषय, हे प्रत्येक क्षणी नव्याने ठरवणे. ही तिन्ही कामे एकाच वेळी जन्मली नाहीत आणि एकाच उत्पादकाने साधली नाहीत. ‘पहिला ट्रॅकिंग कॅमेरा कोणता’ या प्रश्नाला परस्परविरोधी उत्तरे मिळतात ती यामुळेच.

इतिहास : स्वयंचलित फोकसवर लाइट्झ कंपनीने १९६० पासूनच्या दशकात पेटंटे घेतली आणि १९७६ च्या फोटोकिना प्रदर्शनात तसा नमुना मांडला, परंतु ते उत्पादन बाजारात आणले नाही. बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणून सामान्यतः कोनिका सी३५ एएफ (१९७७) याचा उल्लेख होतो. त्यातील मापनाचा घटक हनीवेल कंपनीचा होता. पुढे १९८१ मध्ये पेंटॅक्स एमई एफ आणि १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला. मिनोल्टाने फोकसची मोटर कॅमेऱ्याच्या अंगातच बसवली आणि एसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) वर्गात ऑटोफोकस खऱ्या अर्थाने व्यवहारात आणला. ऑटोफोकसच्या आपल्या पेटंटांवरून हनीवेलने मिनोल्टावर दावा लावला, १९९२ मध्ये अमेरिकेतील ज्यूरीने हनीवेलच्या बाजूने कौल दिला आणि नंतर मिनोल्टाने मोठी रक्कम देऊन तडजोड केली.

वरील सर्व कॅमेरे फोकस ‘लावत’ होते. हलत्या विषयाच्या पुढे धावत नव्हते. भाकिताची पायरी १९८८ मध्ये आली आणि वाद येथेच सुरू होतो. मिनोल्टा ७०००आय आणि निकॉन एफ४ हे दोन्ही त्याच वर्षीचे, आणि दोहोंत भाकितावर आधारलेला फोकस होता. घोषणेचा क्रम पाहिला तर मिनोल्टा काही महिने आधीचा ठरतो. निकॉनचा पक्ष घेणारे त्याच्या व्यावसायिक वापराकडे, विशेषतः क्रीडा छायाचित्रणाकडे, बोट दाखवतात. तो वापराचा निकष झाला, अग्रक्रमाचा नव्हे. कॅननच्या ईओएस मालिकेत ही सोय १९८९ पासून दिसते.

ओळखीचा धागा वेगळाच आहे. २००५ मध्ये निकॉनच्या छोट्या कूलपिक्स कॅमेऱ्यांत चेहरा ओळखण्याची सोय आली. निकॉनच्याच डी३ व डी३०० (२००७) या आरशाच्या कॅमेऱ्यांत ५१ फोकस बिंदू होते. प्रकाशमापनासाठीच्या १,००५ बिंदूंच्या रंगसंवेदकाकडून मिळालेली रंगाची माहिती वापरून विषय एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे सोपवला जाई. निकॉनने याला ‘थ्री-डी ट्रॅकिंग’ म्हटले. आजच्या अर्थाने ट्रॅकिंगचा आरंभ येथून धरावा, असे मानणारा एक वर्ग आहे. दुसरा वर्ग तो २०१९ पर्यंत पुढे ढकलतो. त्या वर्षीच्या जानेवारीत सोनीने ए६४०० कॅमेऱ्याबरोबर ‘रिअल-टाइम ट्रॅकिंग’ जाहीर केले आणि ऑलिंपसने ई-एम१एक्स मध्ये मोटारी, विमाने व आगगाड्या ओळखणारी, डीप लर्निंगवर शिकवलेली योजना आणली. प्रस्तुत लेखकाला १९८८ ची तारीख अधिक ग्राह्य वाटते. ओळख कितीही नेमकी असली, तरी भाकीत नसेल तर फोकस विषयाच्या मागेच राहतो. उलट ओळख नसली तरी छायाचित्रकाराचा हात ती उणीव काही अंशी भरून काढतो.

मिररलेसचे वैशिष्ट्य : आरशाच्या कॅमेऱ्यात मापनाचा संवेदक आरशाखाली वेगळा असे आणि छायाचित्र टिपताना आरसा वर गेला की तेवढा काळ तो आंधळा होई. मिररलेसमध्ये (या वर्गाचा आरंभ बहुधा २००८ च्या पॅनासॉनिक जी१ पासून मानतात) प्रतिमेचा संवेदकच मापनही करतो. सुरुवातीचे मिररलेस केवळ चित्राचा रेखीवपणा पडताळून फोकस शोधत. त्यात दिशा कळत नसल्याने भिंग पुढे-मागे चाचपडे. ‘फोकस हंट करतो’ ही तक्रार त्यातूनच आली. संवेदकावरच कलाभेद (फेज), म्हणजे भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशातील फरक, मोजणारे बिंदू बसवण्याची युक्ती फुजीफिल्मच्या २०१० मधील छोट्या कॅमेऱ्यांत दिसते. भिंग बदलता येणाऱ्या वर्गात ती निकॉन १ मालिकेने २०११ मध्ये आणली. कॅननने २०१३ मध्ये ७०डी कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून संपूर्ण संवेदकच मापनाच्या कामी लावला. ७०डी स्वतः आरशाचा कॅमेरा होता, ही एक गंमत. सोनी ए९ (२०१७) मध्ये स्तरित संवेदकामुळे वाचन इतके जलद झाले की ६९३ बिंदूंवर सेकंदाला ६० वेळा गणित करीत सेकंदाला २० चित्रे दृश्य न तुटता घेता येऊ लागली.

या बिंदूंची एक मर्यादा माहितीपत्रकांत क्वचितच ठळकपणे येते. कलाभेदाच्या मापनात भिंगाच्या डाव्या व उजव्या बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होते. त्यामुळे उभ्या कडा चांगल्या कळतात. केवळ आडव्या रेषा असलेला पृष्ठभाग बिंदूला जवळजवळ कोरा दिसतो. आडव्या पट्ट्यांचे कापड, स्थिर पाण्याची कड, गाडीचे जू यांवर फोकस रेंगाळतो, आणि कॅमेरा उभा धरला की तोच विषय चटकन सापडतो. आरशाच्या कॅमेऱ्यांत दोन्ही दिशा पाहणारे क्रॉस बिंदू जुनेच होते. मिररलेसमध्ये ते ऑलिंपसने लवकर दिले. पूर्ण चौकटीच्या (फुल-फ्रेम) कॅननमध्ये ते २०२४ च्या ईओएस आर१ पर्यंत नव्हते. नव्या कॅमेऱ्यात एखादा प्रसंग विनाकारण चुकला असे वाटते, तेव्हा पुष्कळदा कारण हे असते.

नियंत्रणे : अखंड फोकस (विषय हलेल तसा सतत बदलणारा), क्षेत्राची निवड (चौकटीच्या कोणत्या भागात फोकस शोधायचा), विषयाचा प्रकार व चिकटपणा ही मुख्य नियंत्रणे. चिकटपणा म्हणजे मध्ये अडथळा आल्यास जुन्या विषयावर किती काळ थांबायचे, याची मात्रा. एकच सावधगिरी : सोनीत १ म्हणजे सर्वांत चिकट व ५ म्हणजे सर्वांत चपळ, तर निकॉनच्या संबंधित पर्यायात १ म्हणजे शीघ्र व ५ म्हणजे विलंबित. कॅमेरा उसना घेऊन जत्रेला जाणाऱ्याने हे आधी पाहून ठेवावे.

खानदेशातील वापर : या प्रदेशाची सर्वांत परिचित छायाचित्रपरंपरा म्हणजे चाळीसगावचे केकी मूस (१९१२–८९) यांची टेबलटॉप छायाचित्रे. ती मांडलेल्या, स्थिर वस्तूंची असल्याने प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध येत नाही. ट्रॅकिंगचा वापर येथे प्रामुख्याने जत्रा, लग्ने व पक्षी यांभोवती दिसतो.

ट्रॅकिंगची खरी कसोटी बारागाड्यांत लागते. ग्रामदैवताच्या यात्रेत एकामागे एक जोडलेल्या, माणसांनी भरलेल्या गाड्या भगत (देवाचा उपासक) ओढतो, त्याच्या दोन्ही बाजूंना बगले (साथीदार) असतात आणि वाट माणसांनी दाटलेली असते. भगत कॅमेऱ्याकडे सरळ येतो, म्हणजे अंतर सतत घटते. २०० मिमी भिंग, एफ/२.८ छिद्र आणि १५ मीटर अंतर धरल्यास स्पष्टतेचा पट्टा (जेवढ्या खोलीत विषय रेखीव दिसतो तो) सुमारे ९० सेंमी भरतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने येणारा माणूस तो पट्टा ०.३ सेकंदात ओलांडतो. येथे भाकिताशिवाय गत्यंतर नाही. ओळखीचा भाग मात्र येथे अडचणीचा ठरू शकतो : चौकटीत पन्नास चेहरे असताना कॅमेरा जवळचा किंवा मोठा चेहरा उचलतो, आणि भंडारा उधळला की सर्वांचे अंग पिवळे होऊन रंगाचा आधारही जातो. म्हणून चेहऱ्याची ओळख बंद करून लहान क्षेत्र भगताच्या छातीवर ठेवावे, ट्रॅकिंग तेथून सुरू करावे व चिकटपणा वाढवावा, ही रीत अधिक भरवशाची.

अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या होळीत अडचण निराळी असते. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला घुंगरू किंवा भोपळे बांधून नाचणाऱ्यांचे चेहरे रंगवलेले असतात. चेहरा ओळखणारी योजना डोळे, नाक व तोंड यांच्या परिचित मांडणीवर शिकलेली असते. रंगाने ती मांडणी मोडली की पडद्यावरचा फोकसचा चौकोन येतो आणि जातो. रात्रभर चालणाऱ्या या नाचात प्रकाशही तोकडा असतो. कॅननने आर६ ची मंद प्रकाशातील मर्यादा उणे ६.५ ईव्ही (प्रकाशाची मात्रा; उणे आकडा जितका मोठा तितका अंधार अधिक) सांगितली असली, तरी ती एफ/१.२ भिंगाच्या अटीवर आहे. किट लेन्सवाल्याने (कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे भिंग वापरणाऱ्याने) तिच्यावर विसंबू नये.

लग्नांत डोळ्यावरचा फोकस आता गृहीत धरला जातो. ८५ मिमी, एफ/१.८ व २ मीटर अंतराला स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ५–६ सेंमी असतो, आणि मुंडावळ्यांचे सर डोळ्यांच्या काही सेंमी पुढे झुलतात. फोकस त्या मण्यांवर बसला तर पडद्यावर डोळ्याभोवती चौकोन दिसत असूनही डोळे मऊ येतात. अशा वेळी छिद्र एफ/२.८ पर्यंत लहान करणे हा साधा उपाय. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी उलट गरज असते : चिकटपणा कमी हवा, नाहीतर कॅमेरा कापडावरच थांबून राहतो.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात (दत्तजयंती, शहादा तालुका) घोड्यांची चाल व नाच टिपला जातो. प्राणी ओळखणाऱ्या पहिल्या योजना मुख्यतः कुत्री व मांजरे यांच्यासाठी होत्या. कॅननने घोड्याचा स्पष्ट समावेश २०२२ च्या आर६ मार्क २ मध्ये केला. भुसावळ जंक्शनवर आगगाडीची ओळख उपयोगी पडते, पण रुळावरून येणारी गाडी साध्या मध्यबिंदूनेही साधते.

पक्ष्यांसाठी तापीवरील हतनूर जलाशय व यावल अभयारण्य ही मुख्य ठिकाणे. हतनूरला हिवाळी बदके उडताना पार्श्वभूमी मोकळी असते, त्यामुळे सगळ्या चौकटीभर क्षेत्र ठेवून केलेले ट्रॅकिंग सुटसुटीत चालते. सेकंदाला १५ मीटर वेगाने येणारे बदक सेकंदाला २० चित्रांच्या मालिकेतील दोन चित्रांमध्ये ७५ सेंमी पुढे सरकते, तर ४०० मिमी, एफ/५.६ व १० मीटर अंतराला स्पष्टतेचा पट्टा २० सेंमी भरतो. दुपारी उन्हाच्या झळांनी प्रतिमा थरथरू लागली की दूरच्या विषयाचे मापन चित्रागणिक बदलते. एप्रिल–मे मध्ये, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, हे तापीच्या सपाटीवर नित्याचे. यावर कोणतीही सेटिंग उपयोगी नाही. अंतर कमी करणे किंवा सकाळी जाणे, एवढेच.

रानपिंगळा हे लहान घुबड या प्रदेशाचा विशेष. १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने वर्णिलेला हा पक्षी शतकाहून अधिक काळ नाहीसा मानला गेला होता. मायनर्त्सहागन या पक्षिसंग्राहकाने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना बनावट ठरल्याने शेवटची विश्वसनीय नोंद १८८४ पर्यंत, जेम्स डेव्हिडसनच्या नमुन्यापर्यंत, मागे गेली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अबॉट यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तो दिवसा उघड्या फांदीवर बसतो आणि त्याचे पिवळे डोळे समोर असतात. पक्ष्याचा डोळा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला एवढे पुरते. सागाच्या वाळल्या पानांत मात्र पक्ष्याऐवजी पान उचलले जाण्याचा धोका असतो आणि तेथे एकबिंदू फोकसच बरा. ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला बोलावणे टाळावे. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधील पक्षी आहे.