हिस्पॅनिक अभ्यास (स्पॅनिशमधील पदवी)

हिस्पॅनिक अभ्यास : स्पॅनिश भाषा, तीत लिहिले गेलेले साहित्य आणि ती बोलणाऱ्या समाजांचा इतिहास यांचा विद्यापीठाच्या पदवीसाठी केला जाणारा अभ्यास. स्पॅनिश शिकणे वेगळे आणि स्पॅनिशमध्ये पदवी घेणे वेगळे. या विषयाबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्याने होतात. शिकवणीच्या वर्गात विद्यार्थी भाव विचारायला, पत्ता सांगायला, पत्र लिहायला शिकतो. पदवीच्या वर्गात त्याच्यापुढे सिद या योद्ध्यावरचे मध्ययुगीन वीरकाव्य येते, सतराव्या शतकातले लोपे दे वेगाचे नाटक येते, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतली सेन्सॉरशिप आणि मेक्सिकोची १९१० ची क्रांतीही येते. बोलता येणे ही तिथे सुरुवातीची अट असते, मिळकत नव्हे.

खुद्द स्पेनमध्ये हा मातृभाषेचा अभ्यास आहे, आपल्याकडच्या मराठीच्या एम.ए.सारखा. त्याला तिथे दीर्घकाळ ‘हिस्पॅनिक भाषाशास्त्र’ म्हणत. युरोपातील पदव्यांच्या एकसारख्या रचनेनंतर तो चार वर्षांचा झाला आणि माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठात त्याचे नाव ‘स्पॅनिश : भाषा आणि साहित्य’ असे आहे. स्पेनबाहेर विभागाच्या पाटीवर कुठे ‘स्पॅनिश’, कुठे ‘हिस्पॅनिक’, तर कुठे ‘इबेरियन आणि लॅटिन अमेरिकन’ असे लिहिलेले दिसते. या पाट्यांमागे वाद आहे. ‘स्पॅनिश’ म्हटले की देश स्पेन वाटतो, आणि ही भाषा मायबोली असलेले बहुसंख्य लोक तर अटलांटिकपलीकडे राहतात. ‘इबेरियन’ म्हटले की पोर्तुगीज, कातालान, गालिसियन यांनाही जागा द्यावी लागते. भाषेच्या नावावरही एकमत नाही : स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेत ती ‘कास्तेयानो’ आहे, आणि दक्षिण अमेरिकेत अनेक जण तिला आजही याच नावाने ओळखतात.

पूर्वपीठिका : आन्तोनियो दे नेब्रिहा याने कास्तेयानोचे व्याकरण १४९२ मध्ये छापले. युरोपातल्या बोलभाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. त्याच्या प्रस्तावनेतले ‘भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण राहिली आहे’ हे विधान या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी परीक्षेत भेटते. तरीही पुढची तीन शतके विद्यापीठात मान होता तो लॅटिनला, आणि सभ्यपणाची भाषा म्हणून फ्रेंचला. स्पॅनिश उशिरा आली, तीही मागच्या दाराने.

ते दार अमेरिकेत आधी उघडले. टॉमस जेफर्सन याने १७८७ मध्ये आपल्या भाच्याला, पीटर कार याला, स्पॅनिश नीट शिकण्याचा सल्ला पत्रातून दिला. शेजारच्या स्पॅनिश अमेरिकेशी पुढे संबंध वाढणार, हे त्याने हेरले होते. पुढे १८२५ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या व्हर्जिनिया विद्यापीठात आधुनिक भाषांमध्ये तिला स्थान मिळाले. हार्वर्डमध्ये फ्रेंच आणि स्पॅनिशसाठी देणगीतून अध्यासन निर्माण झाले आणि जॉर्ज टिकनर याने १८१९ मध्ये तिथे शिकवायला सुरुवात केली. त्याचा स्पॅनिश साहित्याचा तीन खंडांतला इतिहास १८४९ मध्ये निघाला. परक्याने लिहिलेला असूनही तो खुद्द स्पेनमध्ये भाषांतरित झाला, हे विशेष.

लंडनची कथा निराळी आहे. स्पेनचा राजा सातवा फर्दिनांद याने १८२३ मध्ये निरंकुश सत्ता पुन्हा हाती घेतली आणि उदारमतवादी पुढारी इंग्लंडला पळाले. त्यांतला आन्तोनियो आल्काला गालियानो १८२८ मध्ये नव्या लंडन विद्यापीठात स्पॅनिशचा पहिला प्राध्यापक झाला. शंभराहून अधिक वर्षांनी तेच पुन्हा घडले. १९३६-३९ च्या यादवी युद्धामुळे कवी पेद्रो सालिनास व होर्हे गियेन, इतिहासकार आमेरिको कास्त्रो, ध्वनिशास्त्रज्ञ तोमास नाव्हारो तोमास अशी माणसे अमेरिकेतल्या विद्यापीठांत पोचली. भाषाशास्त्रज्ञ मेनेन्देस पिदाल यांच्या भोवती १९१० पासून माद्रिदमध्ये जमलेली संशोधकांची पिढी अशी विखुरली, आणि स्पेनचे नुकसान ते परदेशी विभागांचे भाग्य ठरले. हा विषय ज्यांनी नावारूपाला आणला त्यांतले कितीतरी जण परागंदा होते, हे त्याच्या पाठ्यक्रमाकडे पाहताना विसरता येत नाही. हरवलेल्या देशाची आठवण त्यात मुरलेली आहे.

विषय वाढण्याचे दुसरे कारण व्यापार आणि युद्ध. दक्षिण अमेरिकेशी जहाजांची ये-जा असलेल्या लिव्हरपूल बंदरात १९०९ मध्ये जेम्स फिट्समॉरिस-केली स्पॅनिशच्या अध्यासनावर बसला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांतून जर्मन हद्दपार झाल्यासारखी झाली आणि रिकाम्या बाकांवर स्पॅनिश बसली. स्पॅनिश शिक्षकांची अमेरिकी संघटना १९१७ ची आहे, हा योगायोग नव्हे. लंडनच्या किंग्ज कॉलेजात ‘डॉन क्विक्झोट’चा लेखक सेर्वांतेस याच्या नावाचे अध्यासन १९१६ मध्ये आणि ऑक्सफर्डमध्ये स्पेनचा राजा तेरावा आल्फोन्सो याच्या नावाचे अध्यासन १९२७ मध्ये स्थापन झाले.

अभ्यासक्रम : पहिली दोन वर्षे भाषा, व्याकरण, ध्वनिशास्त्र आणि साहित्याची तोंडओळख, पुढे निवडीचे विषय आणि प्रबंध, असा साधारण साचा असतो. ब्रिटनमध्ये पदवी चार वर्षांची असते व तिसरे वर्ष स्पॅनिशभाषक देशात काढायचे असते. पदवीधरांना विचारले तर बहुतेक जण भाषा त्या एका वर्षात आली असेच सांगतील, वर्गात आली असे क्वचितच. अमेरिकेत वेगळाच प्रश्न आहे : घरी स्पॅनिश बोलणारी मुले वर्गात येतात. त्यांना बोलणे शिकवायचे नसते, लेखन आणि प्रमाणभाषा शिकवायची असते. त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग काढावे लागले.

साहित्यात गुरुत्वमध्य सरकला तो १९६० च्या दशकात. तोवर अभ्यासक्रम म्हणजे प्रामुख्याने स्पेनचे ‘सुवर्णयुग’, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांतले साहित्य. मग कोर्तासार, फुएन्तेस, वार्गास योसा, गार्सिया मार्केस यांच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या गेल्या आणि लॅटिन अमेरिका पुरवणीतून मुख्य ग्रंथात आली. (आपण ज्यांना नुसते ‘मार्केझ’ म्हणतो त्यांचे आडनाव ‘गार्सिया मार्केस’ असे जोडनाव आहे, आणि ‘डॉन क्विक्झोट’चा उच्चार ‘दोन किहोते’ आहे. मराठी विद्यार्थ्याची पहिली दुरुस्ती बहुधा इथे होते.)

विद्यार्थिसंख्या फसवी असते. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणात स्पॅनिशचे वर्ग घेणारे २०१६ मध्ये सुमारे ७ लाख १२ हजार होते, २०२१ मध्ये सुमारे ५ लाख ८४ हजार. आकडा मोठा दिसतो, पण त्यांतले बहुसंख्य परदेशी भाषेची अट पुरी करायला येतात; पदवीचा मुख्य विषय म्हणून ती घेणारे थोडेच. ब्रिटनमध्ये २०१९ मध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेत स्पॅनिशने प्रथमच फ्रेंचला मागे टाकले.

भारतात : पदवीपासून संशोधनापर्यंतची सोय दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आहे. दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ ही आणखी दोन ठळक ठिकाणे. बारावीनंतर येणारा विद्यार्थी बहुधा ‘ओला’पासून (म्हणजे ‘नमस्कार’पासून) सुरुवात करतो, म्हणजे भाषा आणि साहित्य दोन्ही त्याच तीन वर्षांत. हा भार ब्रिटिश विद्यार्थ्यापेक्षा जड आहे, आणि परदेशातले सक्तीचे वर्ष त्याच्या वाट्याला येत नाही. दिल्लीत २००९ पासून असलेली स्पेन सरकारची सेर्वांतेस संस्था ती उणीव थोडीफार भरून काढते. महाराष्ट्रात स्पॅनिश प्रामुख्याने प्रमाणपत्र आणि पदविकेच्या वर्गांत शिकवली जाते. गोव्यात तर इतिहासामुळे तिची धाकटी बहीण पोर्तुगीज पुढे आहे. गोवा विद्यापीठात तिच्या अभ्यासाची सोय आहे.

भारतीय अभ्यासकांना हाताशी असलेले विषयही आहेत : १९२४ मध्ये आजारी रवींद्रनाथ ब्वेनोस आयरेसजवळ अर्जेंटिनाची लेखिका व्हिक्तोरिया ओकाम्पो हिच्या पाहुणचारात राहिले ते दिवस, सेनोबिया काम्प्रुबी आणि कवी हुआन रामोन हिमेनेस या स्पॅनिश दांपत्याने केलेली टागोरांची भाषांतरे, आणि १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत असलेला कवी ओक्ताव्हियो पास, ज्याने आपल्या सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या म्हणून ते पद सोडले.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक आडवाटेचा फायदा मिळतो. पोर्तुगीजांकडून आलेले पगार, चावी, साबण, बालदी हे शब्द त्याला स्पॅनिशमध्ये पागार (पैसे चुकते करणे), यावे, हाबोन, बाल्दे अशा वेशांत भेटतात. त, द हे दंत्य वर्ण त्याच्या तोंडात आधीच बसलेले असतात. व्याकरण तर अनेकदा घरचे वाटते. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’ : दोन्हीकडे क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते, ‘मला’प्रमाणे नाही. माणूस कर्म असेल तर स्पॅनिशमध्ये त्याच्याआधी ‘आ’ लागतो, वस्तूला लागत नाही; मराठीच्या ‘-ला’सारखेच : ‘मी मारियाला पाहतो’ पण ‘मी घर पाहतो’. ‘मी बोललो’ आणि ‘मी बोलत असे’ हा भेद ‘आब्ले’ आणि ‘आब्लाबा’त जसाच्या तसा आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ (आपण) हे ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, याचे झिजलेले रूप असल्याने क्रियापद तृतीयपुरुषी येते; समोरच्यालाच ‘सरकार काय म्हणतात?’ विचारणाऱ्या भाषेला त्याचे नवल वाटू नये. इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तके मात्र याच जागा अवघड म्हणून समजावत बसतात.

अडते ते ‘सेर’ आणि ‘एस्तार’पाशी, कारण मराठीचे ‘असणे’ एकटेच दोघांचे काम करते. कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार, हा नियम पहिल्या वर्षी दिला जातो. दुसऱ्या वर्षी कळते की ‘तो मेलेला आहे’ याला एस्तार लागतो, आणि दोन तासांत आटोपणारा समारंभ कुठे आहे हे सांगायला सेर.