टेबलावरचा गोळा

'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेतल्या एका भागात, खाणीच्या मुख्य अभियंत्याच्या टेबलावर शोभेला ठेवावा तसा एक गोळा पडलेला आहे. नवा थर खणताना असे हजारो निघाले. खनिज म्हणून त्यांची किंमत शून्य, म्हणून खाणकामगारांनी ते सरळ फोडले. अंतराळयानाचा विज्ञान अधिकारी मिस्टर स्पॉक मात्र तो उचलतो, पुन्हा पुन्हा निरखतो. तो सिलिकॉनचा आहे. तिथून पुढे माझं लक्ष सारखं त्या गोळ्याकडेच जात राहतं.

मूळ मालिकेतला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग अमेरिकेत ९ मार्च १९६७ रोजी दाखवला गेला. लेखन जीन कून यांचं, दिग्दर्शन जोसेफ पेव्हनी यांचं. जेनस सहा या ग्रहावरच्या खाणीत पन्नासाहून अधिक माणसं अ‍ॅसिडने जळून मेली आहेत. मारणारा प्राणी खडकातून पाण्यातून जावं तसा जातो. तो उपकरणांना सापडत नाही, कारण उपकरणं शोधतात आपल्यासारखा, कार्बनचा जीव.

कार्बनऐवजी सिलिकॉन ही कल्पना हवेतली नाही. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली बसतो आणि तोही चार बंध जोडतो. अडचण पुढे येते. कार्बनचे अणू एकमेकांना धरून लांबच लांब साखळ्या करतात. त्यांच्या बंधाची ताकद मोलमागे सुमारे ३४६ किलोज्यूल. सिलिकॉन-सिलिकॉन बंधाची जेमतेम २२२. उलट सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा बंध ४५० च्या आसपास. म्हणजे ऑक्सिजन दिसला की सिलिकॉन आपली साखळी सोडून त्याला जाऊन मिळणार. चार हायड्रोजन जोडलेला सिलिकॉन, म्हणजे सिलेन वायू, हवा लागताच आपोआप पेट घेतो. शिवाय आपण कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे सोडून मोकळे होतो. सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे तर वाळू! अशा प्राण्याला दर श्वासाला वाळू बाहेर टाकावी लागेल.

ही शंका लेखकाने दडवलेली नाही, आणि म्हणूनच हा भाग मला फार मोलाचा वाटतो. ऑक्सिजन असलेल्या हवेत असा जीव अशक्य आहे, असं यानावरचे डॉक्टर मॅकॉय तिथल्या तिथे सांगतात. त्यावर स्पॉक म्हणतो, कदाचित तो थोडाच वेळ इथे टिकत असेल. उत्तर तोकडं आहे, पण प्रश्न नेमका आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठा पुरावा आपल्या पायाखाली आहे. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २८ टक्के सिलिकॉन, कार्बन अगदी नगण्य. तरीही इथल्या जीवसृष्टीने निवडला तो कार्बनच. सिलिकॉन तिने वापरला, पण भिंती बांधायला. भाताचं पातं हाताला कापतं ते त्यातल्या सिलिकामुळे, म्हणजे त्याच सिलिकॉन डायऑक्साइडमुळे. बांबूच्या पेरांत सापडणारं, सितोपलादी चूर्णात पडणारं वंशलोचन मुख्यतः सिलिकाच. समुद्रातली डायॅटम नावाची सूक्ष्म शैवालं तर काचेच्याच डबीत राहतात.

दार पूर्ण बंद मात्र नाही. २०१६ साली कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठात फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या प्रयोगशाळेने उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचं प्रथिन घेतलं, त्यात मोजके बदल केले आणि जिवंत पेशीकडून कार्बन-सिलिकॉन बंध जोडून घेतला. निसर्गात कुठल्याही सजीवाने असं केल्याचं आढळलेलं नव्हतं.

उपकरणांचा मुद्दाही कल्पनेतच राहिला नाही. १९७६ साली व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. त्यांच्या एका प्रयोगात मातीला किरणोत्सारी कार्बन असलेलं खाद्य दिलं आणि वायू निघतो का ते पाहिलं. शोध होता जीवसृष्टीचाच, पण आपल्यासारखं खाणाऱ्या जीवसृष्टीचा. सुरुवात कुठून तरी करायलाच हवी, हे मान्य. तरीही तो प्रयोग आठवला की मला तो टेबलावरचा गोळा दिसतो.

गोळे म्हणजे अंडी होती. खडकातून जाणाऱ्या त्या प्राण्याचं नाव होर्टा. दर पन्नास हजार वर्षांनी सगळे होर्टा मरतात, एक आई तेवढी मागे उरते, अंडी राखायला. स्पॉक तिच्या जखमी अंगावर हात ठेवतो आणि तिची वेदना त्याच्या तोंडून बाहेर पडते. मॅकॉय आधी कुरकुरतात, 'मी डॉक्टर आहे, गवंडी नव्हे', आणि मग सिलिकॉनयुक्त काँक्रीट मागवून जखमेत लिंपत बसतात, कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी. तेवढ्यात सोटे घेऊन चालून आलेल्या कामगारांना कळतं, की आपण आजवर काय फोडत होतो.