पेज उघडेना, अन् आळ अपडेटवर

जुलैचा शेवटचा आठवडा, पीक विम्याची तारीख डोक्यावर, अन् मी सकाळी नऊला माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरचं शटर वर केलं तर आधीच पाच-सहा जण सातबारा, पासबुक, आधार पन्नीत गुंडाळून उभे. आदल्या रात्री घरी जाताना मी कॉम्प्युटरला अपडेट लावलं होतं, बरेच दिवस टाळत होतो, म्हटलं अपडेट होऊन आपोआप बंद होईल. रात्री पाऊस आला, लाइन गेली, ती सकाळीच आली. इन्व्हर्टरही उतरलेला.

ब्राउझर उघडला, पोर्टल टाकलं, लाल त्रिकोण. मेल टाकला, लाल त्रिकोण. बँकेची साइट, तेच. एक जुनी-पुराणी पंचांगाची साइट आहे, ती मात्र टकाटक उघडली, म्हणून नेट बंद आहे असंही म्हणता येईना.

"काय झालं तं भाऊ?" पहिल्या नंबरवरचे काकाजी.

"रात्री अपडेट झालं ना काकाजी, त्याचंच काहीतरी आहे."

"मंग काहून करता बाप्पा अपडेट? चांगलं चालू व्हतं ना!"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचा एक तास मी जे जे करायचं नसतं ते सगळं केलं. हिस्ट्री साफ केली, राउटर तीनदा बंद-चालू केला, ब्राउझर काढून टाकला अन् पेनड्राइव्हवरून परत टाकला, त्यात सेव्ह केलेले पासवर्ड गेले ते वेगळंच. लाल त्रिकोण जागचा हलला नाही. मागून कोणीतरी म्हणे, "सर्वर डाउन असन." आमच्याकडे काहीही झालं तरी सर्वरच डाउन असतो.

आता शांत डोक्याने सांगतो, कारण त्या दिवशी डोकं शांत नव्हतं. पेज उघडणं हे दिसायला एक काम आहे, पण आत चार-पाच कामं एकामागं एक होतात, अन् कुठं अडकलं हे बघितल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे अंधारात गोटा मारणं. पहिलं काम पत्ता शोधण्याचं. नवा माणूस एसटीतून उतरला की पानठेल्यावर विचारतो ना, अमक्याचं घर कुठं आहे बा, तसंच. साइटचं नाव आपल्याला कळतं, मशीनला आकड्यातला पत्ता लागतो, अन् नावावरून आकडा सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस या माणसाने १९८३ मध्ये ती मांडली, त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरची नावं एका फाइलीत लिहिलेली असायची. पानठेलाच बंद असला तर ब्राउझर सांगतो की ही साइट सापडत नाही. पत्ता मिळाला पण घरातून कोणी आवाजच देईना, तर "वेळ संपली" असा मेसेज येतो. घर सापडलं, माणूसही भेटला, पण तो म्हणतो तुमचा कागद माझ्याकडे नाही, ते ४०४. अन् ५०३ म्हणजे माणूस आहे पण कामात बुडालाय, नंतर या. म्हणजे ज्याला आपण सरसकट "साइट उघडत नाही" म्हणतो त्याच्या प्रत्येक तऱ्हेचा मेसेज वेगळा असतो, फक्त आपण वाचत नाही. मीही नव्हता वाचला.

मधलं एक काम सगळ्यात महत्त्वाचं, ओळखपत्र तपासण्याचं. पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस असलेली साइट समोर आली की ब्राउझर तिचं सर्टिफिकेट मागतो, ते कोणी दिलं ते बघतो, अन् त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून अन् कधीपर्यंत. आजची तारीख त्या दोघींच्या मधात बसली पाहिजे. आता आजची तारीख ब्राउझर कुठून आणणार? कॉम्प्युटरच्या घड्याळातून.

त्या दिवशी शेवटी माझी नजर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात गेली. १ जानेवारी २०१५.

अन् लाल त्रिकोणाखाली, चांगल्या ठसठशीत अक्षरात, लिहिलेलंच होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. तासभर ते वाक्य माझ्या तोंडासमोर होतं. पंचांगाची साइट का उघडत होती तेही कळलं, ती साध्या एचटीटीपीवर चालणारी, तिला ओळखपत्रच नाही तर तपासणार काय.

घड्याळ मागं गेलं कारण मदरबोर्डवरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवरचा, सेल मेलेला. सीआर२०३२ म्हणतात त्याला, नावातच माप आहे, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, अन् ताकद ३ व्होल्ट. कॉम्प्युटर पूर्ण बंद असताना आतलं घड्याळ हा टिकलीएवढा सेल चालवतो. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक बारकासा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र काहून? कारण तो पंधरा वेळा अर्धा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद, अन् असं अर्धं-अर्धं करणं सर्किटला सगळ्यात सोपं जातं. भिंतीवरच्या सेलच्या घड्याळातही हाच आकडा असतो. बाजूच्या मोबाइल रिपेअरवाल्याच्या मल्टिमीटरवर माझा सेल लावला तर दोन व्होल्टसुद्धा भरेना.

मग इतके दिवस कसं चालत होतं? मी कॉम्प्युटर कधी पूर्ण बंदच करत नव्हतो, स्लीपवर टाकून जायचो, बोर्डला करंट मिळत राहायचा. त्या रात्री अपडेटने तो पूर्ण बंद केला, वरून लाइन गेली, अन् मेलेला सेल उघडा पडला. इंटरनेटवरून घड्याळ आपोआप का नाही जुळलं, तर विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये साधारण १५ तासांपेक्षा मोठा फरक दिसला की ते मागे सरतं, एवढी मोठी उडी आपल्या मनाने मारत नाही. हाताने तारीख टाकली अन् सगळ्या साइट धडाधड उघडल्या.

ही सर्टिफिकेटची खिडकी दिवसेंदिवस अरुंद होऊन राह्यली, हेही सांगून ठेवतो. १ सप्टेंबर २०२० पासून एका सर्टिफिकेटचं आयुष्य जास्तीत जास्त ३९८ दिवस होतं, १५ मार्च २०२६ पासून ते २०० दिवसांवर येतं, अन् मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. म्हणजे आधी घड्याळ दोन-चार महिने चुकलं तरी एखाद वेळी निभून जायचं, पुढं तसं निभणार नाही.

अपडेटवर असा फुकटचा आळ येतो त्याचा एक जगजाहीर किस्सा आहे. फायरफॉक्सची ९६ नंबरची आवृत्ती ११ जानेवारी २०२२ ला आली, अन् १३ तारखेला जगभर लोकांचं फायरफॉक्स गोल-गोल फिरायला लागलं, एक पेज उघडेना. दोनच दिवसांपूर्वी अपडेट, म्हणजे संशय कोणावर जाणार? पण झालं होतं वेगळंच. फायरफॉक्स आपल्या चालण्याची बारकी-सारकी माहिती क्लाउडवरच्या सर्वरला पाठवतो. त्या क्लाउडवाल्याने आपल्याकडची एक सेटिंग बदलली अन् एचटीटीपी-३ ही नवी पद्धत चालू झाली. ही माहिती पाठवणारा ब्राउझरचा एक भाग तिच्यावरचे मथळे, म्हणजे पाकिटावर लिहितो तशा नोंदी, सगळे स्मॉल अक्षरात करून देत होता. एचटीटीपी-३ सांभाळणारा ब्राउझरच्या कोडचा दुसरा तुकडा मात्र 'कंटेंट-लेंथ' हा मथळा कॅपिटल सी, कॅपिटल एल असाच शोधत होता. स्मॉलमधला त्याला ओळखू आला नाही, मजकूर किती लांब आहे ते कळलं नाही, अन् तो तिथल्या तिथं घिरट्या घालत बसला.

आता एवढ्याने सगळीच पेजं का थांबावी? कारण नेटची सगळी ये-जा एकाच वाटेने होत होती. दिवाळीनंतर जिनिंगच्या गेटवर बघा, काट्यावर एक गाडी अडकली की मागं फाट्यापर्यंत कापसाच्या गाड्या, मग तुमचा कापूस कितीही चांगला असू द्या. क्लाउडवरची सेटिंग मागे घेतली, लोकांनी ब्राउझर बंद करून परत चालू केला, चालला. चूक ब्राउझरच्या कोडमध्येच होती, पण ती आधीपासून पडून होती. त्या आठवड्याच्या अपडेटने ती आणली नव्हती.

याचा अर्थ अपडेट कायम निर्दोष असतं असाही नाही बरं. आमच्या धंद्यातला ताजा गुन्हेगार सांगतो. ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून माणसाची ओळख पटवायला, अंगठ्याचं मशीन लागतं. साइट इंटरनेटवर, मशीन टेबलावर, मग दोघांचं बोलणं कसं होतं? मशीनसोबत एक छोटा प्रोग्रॅम येतो, तो आपल्याच कॉम्प्युटरवर ११,१०० ते ११,१२० या नंबरांच्या दारांपैकी एका दारात बसून असतो, अन् ब्राउझरमधलं पेज एकेक दार ठोकून त्याला शोधतं. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी आलेल्या क्रोम १४२ पासून ब्राउझर असं दार ठोकू देण्याआधी आपल्याला विचारतो, या साइटला तुमच्या स्थानिक नेटवर्कवरच्या डिव्हाइसशी बोलू देऊ का? घाईत माणूस काय करतो, 'ब्लॉक' दाबून मोकळा. मग मशीनचा लाइट लागलेला, वायर बरोबर, अन् साइट म्हणते डिव्हाइस सापडत नाही.

बाजूच्या गावातल्या सेंटरवाल्या ताईंचा फोन आला होता, "दादा, मशीन गेलं वाटते, नवीन मागवू का?" मी म्हटलं थांबा, पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला चिन्ह आहे त्यावर टिचकी मारा, परवानग्यांमध्ये लोकल नेटवर्क 'अलाउ' करा अन् पेज रिफ्रेश करा. चाललं. दोन-तीन हजाराचं मशीन वाचलं. मला विचाराल तर क्रोमने केलं ते बरोबरच केलं, नाहीतर कोणतीही भुरटी साइट तुमच्या घरातल्या राउटरची दारं ठोकत बसू शकते. पण तो प्रश्न ज्या भाषेत विचारतात ती कोणाला कळणार, हे लिहिणाऱ्याने कधी एखाद्या सेंटरवर येऊन बसावं.

बाकीचे आरोपी किरकोळ. कॅशे म्हणजे ब्राउझरने पुन्हा-पुन्हा आणायला नको म्हणून कोठीत भरून ठेवलेल्या फाइली, चित्रं, अन् स्क्रिप्ट, म्हणजे पेजची बटणं-बिटणं चालवणारा कोड. पेज नवं अन् कोठीतली स्क्रिप्ट जुनी असं झालं की बटण दिसतं पण दबत नाही, तेव्हा कंट्रोल दाबून एफ-५, सगळं ताजं येतं. एक्सटेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा, संशय असला तर इनकॉग्निटो विंडोत उघडून पाहा, तिथं एक्सटेन्शन आपोआप बंद असतात अन् जुन्या कुकीज, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, नसतात, तिथं चाललं म्हणजे चोर घरातलाच. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहा, चाललं तर राउटर किंवा लाइनवाल्याला धरा. फोनवर तर गंमतच, मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू नावाच्या एका भागाचं अपडेट बिघडलं अन् लोकांची वेगळीच ॲप, मेलसुद्धा, उघडल्या-उघडल्या बंद पडायला लागली, कारण कित्येक ॲप आतली पेजं त्याच वेबव्ह्यूकडून दाखवतात. तिथं अपडेट खरंच दोषी होतं.

अन् अपडेट न करणाऱ्यांचं? विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढं जातच नाही, फेब्रुवारी २०२३ पासून ते तिथंच थांबलंय. साइटवाले नवीन पद्धतीची स्क्रिप्ट लिहितात, जुन्या ब्राउझरला तिच्यातला एक शब्द कळला नाही की पूर्ण स्क्रिप्ट सोडून देतो, अन् पुढं येतं पांढरं फटक पेज, ना मेसेज ना त्रिकोण. ३० सप्टेंबर २०२१ ला तर लाखो साइट ज्याच्या भरवशावर होत्या ते एक जुनं मूळ सर्टिफिकेट मुदत संपून बाद झालं, अन् ज्यांनी वर्षानुवर्षं काहीच अपडेट केलं नव्हतं नेमकी त्यांचीच पेजं बंद झाली. काकाजींना हे त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, पण तेव्हा मी पासवर्ड आठवत बसलो होतो.

साडेअकराला त्यांचा फॉर्म भरला, पावती निघाली. सेल मी तोवर बदलला होता, जुना टेबलावर पडलेला. त्यांनी उचलून बोटात फिरवला.

"एवढीशी टिकली, अन् एवढा खेळ करून राह्यली? द्या, नातवाले खेळाले नेतो."

"नका काकाजी, लेकरू गिळंल. अन्ननळीत अडकला तर आतून भाजते, तासा-दोन तासात."

त्यांनी तो असा टाकला की जसा विंचूच हातात आला. मी त्याला चिकटपट्टी गुंडाळली, वरच्या फळीवरच्या डब्यात ठेवला अन् दुसऱ्या नंबरला हाक मारली.