फरार आर्थिक गुन्हेगाराच्या मालमत्तेत तुमचा हक्क अडकला असेल तर : पात्रता, कागदपत्रे आणि चुकणाऱ्या मुदती

फरार आर्थिक गुन्हेगार कायद्याखाली सामान्य नागरिकासाठी छापील अर्ज नाही, खिडकी नाही आणि पोर्टलही नाही. तरीही एखाद्या बड्या कर्जबुडव्याची मालमत्ता ‘जप्त’ झाल्याची बातमी आली की ‘दावा कुठे भरायचा’ हा प्रश्न आणि कागदांनी भरलेली पिशवी घेऊन माणसे वकिलांच्या दारात उभी राहतात. त्यांपैकी बहुतेकांचा दावा या कायद्यात बसतच नाही. ज्यांचा बसतो, त्यांतले अनेक जण न्यायालयाची नोटीस आठवडे कपाटात ठेवून मग येतात.

पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा फेब्रुवारी २०१८मध्ये गाजू लागला, तेव्हा नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी देशाबाहेर पोहोचलेले होते; विजय मल्ल्या त्याच्या दोन वर्षे आधीच गेला होता. त्यानंतर २१ एप्रिल २०१८ रोजी अध्यादेश निघाला आणि जुलैअखेर त्याचा कायदा झाला. या कायद्याचा रोख पळालेल्या माणसाला परत आणण्यावर आहे, लोकांचे पैसे वाटण्यावर नाही. नोटिशीत दिलेल्या दिवशी तो माणूस स्वतः न्यायालयात उभा राहिला, तर या कायद्याखालची कारवाई न्यायालय तिथेच संपवू शकते. मालमत्ता हे त्याला ओढून आणण्याचे साधन आहे, आणि त्या साधनात इतरांचे हक्क अडकतात, तेव्हा खालील प्रक्रिया सुरू होते.

पात्रता : आधी तीन गोष्टी तपासाव्यात

एक, गुन्हा कायद्याच्या अनुसूचीतील असावा आणि त्यातील रक्कम १०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असावी. तालुक्यातल्या भिशीचे तीन कोटी घेऊन दुबईला गेलेला माणूस नैतिकदृष्ट्या कितीही फरार असला, तरी या कायद्याच्या लेखी नाही. दोन, भारतातील न्यायालयाने त्याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलेले असावे. नुसता एफआयआर किंवा विमानतळावरची लुकआउट नोटीस पुरत नाही. तीन, तो खटला टाळण्यासाठी देश सोडून गेलेला असावा किंवा परदेशात राहून परत येण्यास नकार देत असावा.

त्याला फरार घोषित करावे, असा अर्ज विशेष न्यायालयात फक्त सक्तवसुली संचालनालयाचे (ईडीचे) संचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी करू शकतो. फसवल्या गेलेल्या नागरिकाला, पतसंस्थेला किंवा बँकेला तो अधिकार नाही. शेकडो सह्यांची निवेदने पाठवून लोक महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतात, आणि या वाटेने काही होणार नाही हे सरळ सांगण्याचे सौजन्यही त्यांच्या वाट्याला क्वचितच येते.

ज्यांची केवळ ठेव बुडाली आहे, त्यांचा रस्ता वेगळा आहे. महाराष्ट्रात तो पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आणि १९९९चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला एमपीआयडी, यांतून जातो. काळा पैसा पांढरा करण्याला आळा घालणाऱ्या पीएमएलए कायद्यातही तरतूद आहे. ज्याचे मोजता येण्याजोगे नुकसान झाले आहे, जो प्रामाणिकपणे वागला आहे आणि ज्याने वाजवी काळजी घेतली होती, अशा दावेदाराला मालमत्ता परत देण्याचा आदेश विशेष न्यायालय देऊ शकते. मल्ल्या प्रकरणात सरकारी बँकांना १४,१३१.६ कोटी रुपये परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४मध्ये लोकसभेत सांगितले, ते याच वाटेने. गोव्यात कांदोळीचा किंगफिशर व्हिला २०१७मध्ये विकला गेला, तो कर्जवसुलीच्या कायद्याने. त्या वेळी फरार गुन्हेगार कायदा अस्तित्वातच नव्हता. बातमीत ही सगळी प्रकरणे एकाच परिच्छेदात येतात, म्हणून दावेही चुकीच्या दारात जातात.

या कायद्याखाली तुम्हाला उभे राहायचे असेल, तर ठराविक मालमत्तेत तुमचा ठराविक हक्क हवा. सदनिकेचे खरेदीदार, सहमालक, भाडेकरू, गहाण ठेवून घेतलेली बँक, जमिनीचा हिस्सेदार यांचा विचार होतो. ‘त्याने माझे पैसे बुडवले आणि ही इमारत त्याची आहे’ एवढे म्हणणे पुरत नाही.

टाच आणि जप्ती

वर्तमानपत्रे दोन्हींना ‘जप्ती’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. टाच म्हणजे मालमत्तेची विक्री व हस्तांतर थांबवणे. ती न्यायालयाच्या परवानगीने येते, किंवा घाई असेल तर अर्जाआधीच अधिकारी लेखी आदेशाने आणू शकतो. मग त्याला ३० दिवसांत न्यायालयात अर्ज करावा लागतो. टाच १८० दिवस टिकते, पण ती मुदत संपण्यापूर्वी न्यायालय ती वाढवू शकते. त्यामुळे १८१व्या दिवशी मालमत्ता आपोआप मोकळी झाली असे धरून कोणी व्यवहार करू नये. टाच आलेल्या घरात राहणाऱ्याला त्याचा उपभोग घेण्यापासून हा कायदा अडवत नाही. दारावर कागद चिकटवलेला पाहून, किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंद पाहून, घाबरून घर रिकामे करणारे भाडेकरू असतात. ती घाई करू नये.

खरी जप्ती माणूस फरार घोषित झाल्यावर होते. जप्तीच्या आदेशाच्या तारखेपासून मालमत्तेचे सर्व हक्क कोणत्याही बोज्याविना केंद्र सरकारकडे जातात. नीरव मोदीला विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१९मध्ये फरार घोषित केले आणि जप्तीचा आदेश ८ जून २०२० रोजी झाला. त्यानंतर वरळीच्या ‘समुद्र महाल’मधील चार सदनिका, अलिबागचे समुद्राकाठचे फार्महाऊस, जैसलमेरची पवनचक्की आणि लंडनमधील सदनिका यांसह ३२९.६६ कोटींची मालमत्ता सरकारजमा झाली. ‘कोणत्याही बोज्याविना’ हे शब्द दोनदा वाचावेत, कारण तुमचा हक्क हादेखील कायद्याच्या भाषेत एक बोजाच असतो.

नोटीस आणि एक आठवडा

संचालनालयाच्या अर्जासोबत, मालमत्तेत हितसंबंध असू शकणाऱ्या व्यक्तींची यादी जोडलेली असते आणि त्यांना न्यायालयाची नोटीस जाते. आरोपीला हजर होण्यासाठी नोटिशीपासून किमान सहा आठवडे मिळतात. हा आकडा वाचून हितसंबंधी लोकही निवांत राहतात, आणि बहुतेक दावे इथेच बुडतात. तुम्हाला उत्तर दाखल करण्यासाठी न्यायालय एक आठवडा देऊ शकते. ‘देऊ शकते’ असे कायदा म्हणतो. तो तुमचा हक्क आहे असे म्हणत नाही. एका आठवड्यात नोंदणी कार्यालयातून जुन्या दस्ताची नक्कल मिळवून दाखवावी, अशी अपेक्षा ज्याने केली, त्याने त्या कार्यालयाच्या रांगेत एक सकाळ काढलेली नसावी. म्हणून कागद नोटीस येण्याआधी, टाचेची बातमी कळताच गोळा करायला घ्यावेत.

यादीत तुमचे नाव नसेल तर नोटीस येणारच नाही. अशा वेळी वकिलामार्फत त्याच प्रकरणात हस्तक्षेप अर्ज करावा; संचालनालयाच्या कार्यालयात दिलेले निवेदन म्हणजे न्यायालयापुढचा दावा नव्हे, मग त्यावर पोच म्हणून कितीही गोल शिक्के असोत. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागण्याचाही उपयोग नाही, कारण या विषयापुरते दिवाणी न्यायालयांचे दार कायद्यानेच बंद केले आहे.

कागदपत्रे : कोणाकडेच नसतो तो कागद

नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), मुद्रांक शुल्काची पावती, सातबारा व फेरफार किंवा मिळकत पत्रिका, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, कर्ज असल्यास मंजुरीपत्र आणि रक्कम दिल्याचे बँक उतारे हे सगळे लागतेच. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या खरेदीत कापलेल्या एक टक्का टीडीएसचा पुरावाही जोडावा, कारण व्यवहार त्याच तारखेला खरोखर झाला हे त्यावरून दिसते.

अडचण पुढे आहे. मालमत्ता गुन्ह्याच्या पैशातून आलेली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी संचालनालयाची असते. पण मला ते माहीत नव्हते आणि मी सद्भावनेने हक्क घेतला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १६ने तुमच्यावर टाकली आहे. माहीत नसल्याचा दाखला कोणते कार्यालय देणार? तो अप्रत्यक्षपणेच उभा करावा लागतो. खरेदीपूर्वी वकिलाने दिलेला सर्च रिपोर्ट, त्या वेळी वर्तमानपत्रात दिलेली जाहीर नोटीस, बँकेने कर्ज देताना केलेली मालकीची तपासणी, आणि बाजारभावाच्या जवळपास असलेली किंमत हे सर्व एकत्र ठेवावे लागते. पुराव्याची कसोटी संभाव्यतेच्या झुकत्या मापाची आहे, फौजदारी खटल्याइतकी कडक नाही, एवढा दिलासा आहे.

एका निवृत्त शिक्षक दांपत्याची फाईल मी पाहिली होती. प्रत्येक धनादेशाची झेरॉक्स, पावत्यांवर तारखेनुसार पेन्सिलीने घातलेले क्रमांक, सगळे चोख. मात्र अकरा लाख रुपये रोखीने दिले होते आणि त्याचा पुरावा म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या माणसाने डायरीच्या पानावर लिहिलेले ‘११ मिळाले’ एवढेच. त्या पानाने त्यांचे ११ लाख तर दाखवता आले नाहीतच, उलट करारातली किंमत खरी नव्हती हे दिसून बाकीच्या कागदांवरही शंका आली. ज्यांच्याकडे केवळ वाटपपत्र किंवा नोटरी केलेला करार आहे, त्यांनाही हाच अनुभव येतो.

परदेशात राहणारा भाऊ किंवा बहीण सहमालक असेल, तर त्यांचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचे प्रमाणीकरण) करून मागवावे, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. ते राहून गेले की ऐन सुनावणीत मुखत्यारपत्र बाजूला ठेवले जाते.

आदेश विरोधात गेल्यास

इथे नव्वदचा आकडा दोन ठिकाणी येतो आणि लोकांना बुडवतो. जप्तीच्या आदेशानंतर ९० दिवस सरकार किंवा जप्त मालमत्ता सांभाळायला नेमलेला प्रशासक ती विकू शकत नाही. हे ऐकून, अपिलालाही ९० दिवस आहेत असे समजून माणसे थांबतात. उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर उच्च न्यायालय त्यानंतरही अपील घेऊ शकते, मात्र ९० दिवसांनंतर कोणत्याही कारणास्तव नाही. आजारपण, वकील बदलणे, निकाल उशिरा कळणे, काहीही चालत नाही. त्यामुळे आदेश ज्या दिवशी होईल त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा, आणि त्या अर्जाची तारीख असलेली पावती मूळ दस्तांसोबत ठेवावी.